टोपलीतले टोमॅटो चेपले तर सार करा: उड्या आणि स्वयंपाक एकाच गेममध्ये कसे बसवायचे

बाकीच्या वाचकांसाठी प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. गिरगावातले दोघे मिळून गोडोवर (गेम बनवायच्या सॉफ्टवेअरवर) टूडी गेम करताहेत. चाळीत खाणावळ चालवणारी एक मुलगी गॅलऱ्या, पन्हळी आणि गच्च्यांवरून उड्या मारत साहित्य गोळा करते आणि घरी येऊन रांधते. उंचावरून पडलं की टोपलीतला माल सांडतो. डेमो खेळणारे यावर चिडले. म्हणून सांडणं काढून टाकलं, तर तेच लोक म्हणाले, की आता दोन वेगळे गेम चिकटवल्यासारखे वाटतात. सांडणं ठेवायचं की काढायचं, असा प्रश्न आहे.

दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत आणि दोन्हींचं मूळ एकच आहे. सध्याच्या डेमोत रस्त्यावर घडलेली गोष्ट चुलीपर्यंत पोचण्याची एकमेव वाट म्हणजे ते सांडणं. ती वाट बंद केली की गेमचे दोन तुकडे पडतात. ठेवली तर ती शिक्षा होते, आणि निवांत बसून खेळायला आलेल्या माणसाला अर्ध्या तासाची मेहनत मातीत गेलेली सोसत नाही. उडी मारताना खेळाडूच्या डोक्यात पातेलं असायला हवं आणि पातेल्यापुढे उभं राहिल्यावर रस्ता. तेवढं साधलं की बाकीचं जुळत जातं. सांडण्याचा धागा ठेवा, त्यातली शिक्षा काढा.

काही गोष्टी तुमच्यावर अवलंबून आहेत. गेम फोनवर टचने खेळला जाणार असेल तर खाली दिलेल्या सवलती दीडपट करा आणि फटी एक टाइल (नकाशा ज्या चौकोनांनी बनतो त्यातला एक चौकोन) कमी करा, कारण काचेवर अंगठा कुठे टेकला हे हाताला कळत नाही. तुमचा खेळाडू मुख्यतः उड्यांचे गेम खेळणारा असेल तर मी सुचवतोय तेवढी ढील त्याला जास्त वाटेल. खालचे आकडे ४८० बाय २७० पिक्सेलचा पडदा आणि १६ पिक्सेलची टाइल धरून आहेत. हा पडदा चौपट केला की बरोबर १९२० बाय १०८० होतो, म्हणून तो सोयीचा. तुमचा आकार वेगळा असेल तर प्रमाण तेवढं घ्या.

आता टोपली. पडल्यावर वस्तू नाहीशी करू नका, तिचं रूप बदला. आपल्या स्वयंपाकघरात चेपलेला टोमॅटो कुणी टाकत नाही, त्याचं सार होतं. हाच गेमचा नियम करा. अखंड टोमॅटोची कोशिंबीर होते, चेपलेल्याचं सार. अख्ख्या अंड्यांची उकडून करी, फुटलेल्यांची भुर्जी. घट्ट दही हिंदकळलं की त्याची कढी किंवा ताक. केळी मऊ पडली की शिकरण. अख्खा नारळ कुणाला तरी ओटीसाठी हवा असतो, आणि फुटला तर खोवायला घ्यायचा. पाव दबला तर चुरा करून कटलेटला लावायचा. म्हणजे खेळाडू कसा चालला यावर आज काय रांधता येईल हे ठरतं. रांधता येईल की नाही, हा प्रश्न कधीच येत नाही. रिकाम्या हाताने घरी येण्याची वेळ कुणावरही येणार नाही आणि तरीही गच्चीच्या कडेला पोचल्यावर खेळाडू थबकून विचार करेल: खालच्या मजल्यावरच्यांनी अंडाकरी सांगितली आहे, मग जिन्याने जाऊ की उडी टाकू? हा विचार त्याने करावा म्हणून तर सगळा खटाटोप.

बांधणी अशी करा. प्रत्येक जिन्नसाला एक सोसण्याचा आकडा द्या. अंडी आणि पिकलेली केळी एका धक्क्यात बदलतात, टोमॅटो, दही आणि पाव दोन धक्क्यांत, नारळ तीन. कांदे-बटाटे, डाळ-तांदूळ कधीच नाही. धक्का मोजताना मात्र एक चूक हमखास होते. जमिनीवर आदळतानाच्या वेगावरून धक्का ठरवायचा मोह होतो, कारण तो आकडा आयता मिळतो. पण तुम्ही पडण्याच्या वेगावर कमाल मर्यादा घातलेली असणार, आणि ती घालायलाच हवी. मग एक मजला पडलं काय आणि चार मजले पडलं काय, आदळण्याचा वेग तोच येतो. त्यामुळे वेग मोजू नका, उंची मोजा. पात्र हवेत असताना गाठलेला सगळ्यात वरचा बिंदू लक्षात ठेवा आणि टेकल्यावर फरक काढा. चाळीचा एक मजला ५ टाइल, म्हणजे ८० पिक्सेल धरला, तर ७२ पिक्सेलच्या वर एक धक्का आणि १५० च्या वर दोन धक्के ठेवा. सपाट जमिनीवरची साधी उडी पन्नास-पंचावन्नच्या आत राहते, म्हणून ती कधीच मोजली जात नाही. एका मजल्यावरून उडी मारून खाली आलं तरी फरक साधारण १३२ भरतो, म्हणजे धक्का एकच.

धक्का बसला हे त्या क्षणी कळलंच पाहिजे. टोपलीचा छोटा आवाज, ज्या जिन्नसाला लागलं त्याचं चित्र अर्धा सेकंद पात्राच्या डोक्यावर, बस. घरी पोचल्यावर टोपली उघडून 'अरे, हे कधी झालं' असं वाटता कामा नये. आणि मुद्दाम गच्चीवरून उड्या टाकून टोमॅटो चेपणारे खेळाडू निघतील. त्यांना अडवू नका, त्यांना तुमचा नियम कळला आहे. फक्त ज्यांना उड्या टाकायच्या नाहीत त्यांच्यासाठी ओट्यावर खलबत्ता ठेवा, म्हणजे तीच गोष्ट हातानेही करता येईल. पुढे टोपलीत कागदाच्या रद्दीचं अस्तर मिळालं की अंडी एक धक्का जास्त सोसतील. बढती म्हणून एवढी पुरते.

पाण्यात किंवा रस्त्यावर पडून खेळाडू नकाशाबाहेर गेला तर धक्का मोजूच नका. ०.४ सेकंद पडदा काळा करा आणि शेवटच्या सुरक्षित जागी उभं करा. ही सुरक्षित जागा नोंदवताना तीन अटी लावा: पात्र किमान ०.२ सेकंद जमिनीवर स्थिर असावं, कडेपासून निदान एक टाइल आत असावं आणि हलत्या फळीवर नसावं. या अटी नसतील तर खेळाडू परत येतो तो थेट कडेवर, बोट आधीच बटणावर असतं आणि तो पुन्हा पडतो. असं लागोपाठ तीनदा झालं की माणूस गेम बंद करतो.

आता उडी. तुम्ही लिहिलंय की उडी 'जड' वाटते आणि गुरुत्वाकर्षण कमीजास्त करूनही जमत नाही. गुरुत्वाकर्षणापासून सुरुवात करू नका. उडी किती उंच हवी आणि शिखरापर्यंत पोचायला किती वेळ हवा, हे दोन आकडे आधी ठरवा. बाकीचं त्यांतून निघतं. गुरुत्वाकर्षण म्हणजे दुप्पट उंची भागिले वेळेचा वर्ग, आणि सुरुवातीचा वेग म्हणजे दुप्पट उंची भागिले वेळ. उंची ५२ पिक्सेल आणि वेळ ०.३८ सेकंद घेतला तर गुरुत्वाकर्षण सुमारे ७२० आणि वेग सुमारे २७४ येतो. खाली येताना गुरुत्वाकर्षण दीडपट, म्हणजे १०८० करा आणि पडण्याचा कमाल वेग ३६० वर थांबवा. मग खाली यायला ०.३१ सेकंद लागतात, एकूण हवेत ०.६९. धावण्याचा वेग सेकंदाला ११० पिक्सेल असेल तर एका उडीत सुमारे ७६ पिक्सेल, म्हणजे पावणेपाच टाइल कापल्या जातात. तुम्हाला खुपणारा जडपणा बहुतेक वर जाण्यातला नसून शिखरावर रेंगाळण्यातला आहे. दीडपटीने तो जातो.

या आकड्यांवरून नकाशाचं माप ठरवा. वाटेत लागणारी कुठलीही फट साडेतीन टाइलपेक्षा मोठी नको. चार टाइलची फट फक्त आडवळणाच्या बक्षिसासाठी. त्याहून मोठी ठेवूच नका. उंचीत तीन टाइलचा, म्हणजे ४८ पिक्सेलचा कठडा उडीत यावा. इथे एक बारीक गोम आहे. कोडमध्ये उडीचा वेग आधी दिला आणि त्याच फ्रेममध्ये गुरुत्वाकर्षण वजा करून मग हलवलं, तर सेकंदाला ६० टिक (गणनेचे टप्पे) असताना खरी उडी ५२ ऐवजी ४९.८ च्या आसपास भरते. गुरुत्वाकर्षण आधी आणि उडीचा वेग नंतर दिला, तर ती ५४ च्या वर जाते. गोडोच्या आयत्या स्क्रिप्टमध्ये हा दुसरा क्रम आहे. दोघांपैकी एकाने कोड नीटनेटका करताना ओळी वरखाली केल्या, की काल जमणारा कठडा आज जमत नाही आणि दोष नकाशाला दिला जातो. म्हणून ४८ च्या कठड्यासाठी ५२ ची उडी धरायची. ४८ ला ४८ धरली आणि क्रम पहिला असला, तर पाय कठड्याच्या दोन पिक्सेल खाली राहतात.

एक मजला ५ टाइलचा असल्यामुळे थेट उडीत वरचा मजला गाठता येणार नाही, आणि ते चांगलंच आहे. मध्ये अडीच टाइलवर खिडकीचा छज्जा, कपड्यांची दांडी किंवा पाण्याची टाकी ठेवा. चाळीची रचना आपसूक पायऱ्या देते. नुसत्या तरंगत्या फळ्या लावल्या तर ती चाळ वाटणार नाही.

सवलतींबाबत हात आखडता घेऊ नका. कड सोडल्यावरही ०.१३ सेकंद उडी चालू द्या. याला कोयोटी टाइम म्हणतात. ११० च्या वेगाने ते १४ पिक्सेल होतात, एका टाइलपेक्षा कमी, त्यामुळे डोळ्याला खटकत नाही. जमिनीवर टेकायच्या ०.१५ सेकंद आधी बटण दाबलं असेल तर ते लक्षात ठेवून टेकताच उडी द्या. बटण लवकर सोडलं तर वर जाण्याचा वेग ०.४५ पट करा, म्हणजे छोटी उडी मिळते. डोकं कोपऱ्याला ४ पिक्सेलच्या आत अडकत असेल तर पात्र हळूच बाजूला सरकवा. कठीण म्हणून नावाजलेल्या सेलेस्टमध्येही (२०१८) अशा सवलती भरपूर आहेत, मग निवांत गेममध्ये त्या का नसाव्यात?

इथपर्यंत रस्त्यावरून चुलीकडे जाणारा धागा झाला. चुलीवरून रस्त्याकडे जाणाराही हवा. तुमच्या डेमोत नवीन जागा दुहेरी उडी मिळाल्यावर उघडतात. ती दुहेरी उडी काढून टाका असं मी म्हणेन. तिचा खाण्याशी काही संबंध नाही, आणि ती दिली की वर मोजलेली सगळी मापं बिघडतात. जागा माणसांकडून उघडा. गच्चीची किल्ली तळमजल्यावरच्या काकूंकडे आहे, मागच्या जिन्याचं दार एका आजोबांनी आतून लावलंय, शेजारच्या वाडीतली शिडी वायरमनकडे आहे. जेवण पोचलं की वाट मिळते. अ शॉर्ट हाइकमध्ये (२०१९) सोनेरी पिसं मिळवत डोंगर चढायचा असतो आणि पडल्याने काहीच गमवावं लागत नाही. मॅजिकल डेलिकसीमध्ये (२०२४) गावकऱ्यांच्या फर्माइशींसाठी साहित्य शोधत गाव पालथं घालायचं असतं. दोन्ही खेळून पाहा आणि प्रत्येक वेळी स्वतःला विचारा की मी आत्ता या दिशेला का चाललो आहे. तुमच्या गेममध्ये याचं उत्तर 'कुणाला तरी काहीतरी खायला हवंय' हेच असावं.

फर्माईश मात्र पदार्थाच्या नावाने देऊ नका. 'दोन वाट्या साबुदाण्याची खिचडी आण' म्हटलं की यादी पुरी करायची हमाली उरते. अट सांगा. 'दाढ दुखतेय, चावायला नको असं काहीतरी' म्हटलं की शिकरण, सार, मऊ भात, कढी असे चार रस्ते उघडतात, आणि त्यातले तीन धक्का बसलेल्या मालातूनही निघतात. उपास हा तर अटींचा खजिना आहे. साबुदाणा, वरी, रताळं, बटाटा, शेंगदाणे, राजगिरा, शिंगाडा चालतो. कांदा, लसूण, गहू, तांदूळ चालत नाही. कोथिंबिरीचं घरागणिक वेगळं. एका घरी चालते, समोरच्या घरी नाही. हा फरक गेममध्ये ठेवा आणि तो खेळाडूला गप्पांतून कळू द्या. वाळकेश्वरकडचं जैन कुटुंब आणलंत तर कंदमुळं वर्ज्य होतात आणि उपासाला चालणारा बटाटा तिथे चालत नाही. सुरुवातीच्या फर्माइशीत एक अट, मग दोन, आणि अखेरीस तीन. चौथी घातली की लोक कागद-पेन घेऊन बसतात.

डेटा ठेवताना प्रत्येक मिश्रणाचा पदार्थ हाताने लिहू नका. दोघांच्याने ते होणार नाही. २४ जिन्नस, प्रत्येकाची जास्तीत जास्त दोन रूपं, म्हणजे फार तर ४८ चित्रं. प्रत्येक रूपाला खुणा द्या: आंबट, तिखट, गोड, मऊ, कुरकुरीत, उपासाला चालतं, कंदमूळ. साधारण १८ पदार्थ नावाने ओळखा आणि जे कशातच बसत नाही त्याला 'मिसळभाजी' म्हणा, जी खाता येते आणि जिच्याही खुणा मोजल्या जातात. 'पदार्थ फसला' असा पडदा कुठेही नको.

काही नियम मात्र मुद्दाम लपवून ठेवा, जे ज्याला ठाऊक त्याला लगेच उमगतील आणि नसतील तर एकदा चुकून कळतील. अळू आंबटाशिवाय शिजवलं तर घशाला खाजतं, म्हणून चिंच किंवा आंबट चुका. शेवळं या पावसाळी रानभाजीला काकडं ही आंबट फळं लागतात, कारण तेच. गेममध्ये शेवळं वाडीच्या मागच्या झाडीत आणि काकडं दुसऱ्या टोकाला उंच झाडावर ठेवा. ज्याने एकदा खाजरी भाजी वाढली आणि जेवणाऱ्याचं घसा खाकरणं ऐकलं, तो पुढच्या वेळी स्वतःहून ते झाड चढेल. त्याला कुठलाही बाण दाखवावा लागणार नाही. स्वयंपाकाचं ज्ञान थेट रस्ता ठरवतं ते असं.

रांधण्याच्या कृतीबद्दल तुम्ही लिहिलंय की बटण दाबून पट्टी भरते आणि कंटाळा येतो. येणारच. भाजी चिरणे, ढवळणे, कणीक मळणे या सगळ्याचे छोटे खेळ करत बसू नका. एकच कृती घ्या आणि ती खोलवर करा. माझ्या मते ती फोडणी असावी, कारण तिच्यात क्रम आहे, वेळ आहे आणि कान लागतात.

तेलाचं तापमान ० ते १ असा आकडा धरा, मध्यम आचेवर सहा सेकंदांत पूर्ण चढणारा. मोहरी ०.५५ च्या आधी टाकली तर नुसती तळाशी बसते. त्यात चूक काही नाही, थांबावं लागतं एवढंच. ०.५५ ते ०.८ मध्ये ती तडतडते. ०.८५ च्या वर करपते. पट्टी दाखवू नका, आवाज द्या. एकेका दाण्याच्या तडतडण्याचे सहा-आठ वेगवेगळे छोटे आवाज रेकॉर्ड करा, प्रत्येक वेळी आवाजाचा सूर (पिच) दहा टक्के वरखाली करा आणि दोन आवाजांमधलं अंतर ०.२५ सेकंदावरून ०.०४ पर्यंत आणून पुन्हा वाढू द्या. सलग तडतडीची एकच फीत फिरवली तर कानाला ती तिसऱ्यांदा लगेच कळते. तडतड ओसरू लागली की जिरं, मग हिंग, मग कढीपत्ता, ज्याच्यावर पाण्याचे थेंब असतात म्हणून मोठा चर्र आवाज होतो. हळद शेवटी, आणि तिच्यानंतर फार तर दीड सेकंदात डाळ किंवा भाजी, कारण हळद पटकन जळते. घरी जे आपण न बघता करतो तेच इथे बोटांना करायचं आहे. आवाज बंद करून खेळणारे खूप असतात, लोकलमध्ये तर सगळेच, म्हणून प्रत्येक आवाजाला डोळ्यांचा जोडीदार द्या: तेलावरच्या लहरी, उडणारे काळे दाणे, कढीपत्त्याची वाफ.

करपलं तर तेल ओतून पुन्हा सुरुवात, आठ सेकंदांचा खोळंबा, जिन्नस सगळे शाबूत. एक पदार्थ पहिल्यांदा करायला ४० ते ६० सेकंद लागावेत. तोच तीनदा जमला की पुढे 'सवयीचा हात' द्या, म्हणजे दोन सेकंदांत आपोआप. वेम्बामध्ये (२०२३) एका तमिळ कुटुंबाची डागाळलेली, फाटलेली पाककृतींची वही समजून घेत क्रम लावायचा असतो. तिथे घड्याळ नाही, तरी लक्ष खिळून राहतं, कारण प्रत्येक पदार्थ एकेक कोडं आहे. घाई न लावताही स्वयंपाक रंगतो याचा तो चांगला नमुना आहे.

नकाशाबद्दल थोडंच सांगतो. मिनिट-दीड मिनिटाची चढण झाली की वरून खाली सोडायची दोरी किंवा आतून उघडणारं दार हवंच, तीच चढण दुसऱ्यांदा करायला लावू नका. जिन्नस आधी दिसावा आणि नंतर हाती लागावा. ताजेपणा खऱ्या घड्याळाला बांधू नका, खेळातल्या झोपेला बांधा.

आणि ऋतू घ्या, कारण मुंबईत ऋतू बदलला की बाजार आणि गच्ची दोन्ही बदलतात. मे महिन्यात गच्चीवर पापड-कुरडयांचं वाळवण आणि मिरच्या पसरलेल्या असतात. रोजची सरळ वाट बंद होते आणि टाक्यांवरून वळसा घ्यावा लागतो. एक नवा अडथळा, चित्रकाराचं एका दिवसाचं काम, आणि जुनी गच्ची नवी झाली. जून-जुलैत मासेमारी बंद असते. तेव्हा ससून डॉकला ताज्या मासळीचा शोध घेणाऱ्या खेळाडूला कोळीण सुकट आणि सुके बोंबील दाखवेल. ज्याने मे मध्ये लालबागच्या मिरची गल्लीतून मसाला आणि जोडीला सुकी मासळी भरून ठेवली, त्याचा पावसाळा सोपा. पावसात कौलं निसरडी करायचा विचार तुम्ही लिहिलाय, तो सोडा. घसरणारी जमीन वर दिलेल्या सगळ्या सवलतींवर पाणी फिरवते. पावसाने काढून घेण्यापेक्षा द्यावं: टाकळा, कंटोळी, शेवळं उगवू द्या, आणि भरलेल्या पन्हळीवरून घसरत खाली यायची वाट उघडा.

अक्षरांचं एक महत्त्वाचं. गोडो ३ वर असाल तर आजच ४ वर या. तीनमध्ये देवनागरीची जोडाक्षरं नीट जुळत नाहीत, चारमध्ये जुळतात. आल्यावर चाचणीसाठी एकच ओळ लिहा: 'पुऱ्या, भाकऱ्या, कैऱ्या, सुऱ्या'. हा 'ऱ्या' काही फॉन्टमध्ये मोडतो, आणि तुमच्या गेममध्ये तो पानोपानी येणार आहे. मराठी वळणाचे 'ल' आणि 'श' आहेत का तेही बघा. पिक्सेलच्या छोट्या पडद्यावर मराठी मजकूर बसवू नका. वरची वेलांटी आणि खालचा उकार दोन्ही मावायला जागाच नसते. खेळ ४८० बाय २७० वर राहू द्या आणि मजकुराचा थर पूर्ण रिझोल्युशनवर वेगळा ठेवा.

कामाचा क्रम असा लावा. पहिल्या आठवड्यात फक्त एक मजला, एक गच्ची, टोमॅटो, अंडी, दही आणि केळी हे चारच जिन्नस, दाढदुखीची एकच फर्माईश. चित्रं करड्या चौकोनांची चालतील, पण फोडणीचे आवाज खरे हवेत. दुसऱ्या आठवड्यात तो तुकडा पाच जणांना द्या. त्यातले दोघे असे हवेत की जे गेम खेळत नाहीत पण रोज रांधतात. शेजारी बसा आणि काही सांगू नका. गच्चीच्या कडेला माणूस थांबतो का, तेवढं बघा. थांबला, टोपलीकडे नजर टाकली आणि मग ठरवलं, तर धागा जुळला. बेधडक उडी टाकली आणि चेपलेले टोमॅटो बघून वैतागला, तर धक्क्याची खूण पुरेशी दिसत नाही किंवा साराची शक्यता त्याला कळलेली नाही. तेव्हा टोमॅटोच्या चित्राशेजारी साराच्या वाटीचं छोटं चित्र दाखवून पुन्हा बघा. पाचव्या जिन्नसाकडे त्याआधी जाऊ नका.